होडीचा शब्द

शेवगाव तालुक्याच्या टोकाला, धरणाच्या फुगवट्यात उंबरटेक नावाची एक वस्ती आहे. उन्हाळ्यात तिथं चालत जाता येतं, गुडघाभर गाळ तुडवायची तयारी असली तर. पावसाळ्यात धरण चढलं की टेकाच्या चारी बाजूंनी पाणी येतं आणि पुढं होळीपर्यंत ती मूठभर घरं जगापासून सुटी होतात. पलीकडच्या किनाऱ्याला टेकावरची माणसं नुसतं ‘काठ’ म्हणतात, आणि तिथल्या सगळ्यांना, मग तो तलाठी असो की सख्खा मेहुणा, ‘काठवाले’. काठवाल्यांविषयी त्यांचं मत काही फार चांगलं नाही. काठवाले घाईचे, काठवाले शब्दाचे कच्चे, आणि मुख्य म्हणजे भांडण झालं की काठवाल्यांना बोलणं सोडता येतं. टेकावर ही चैन परवडत नाही. सकाळी ज्याच्याशी बांधावरून हमरीतुमरीवर यायचं, त्याच्याच मांडीला मांडी लावून तासाभरानं होडीत बसायचं असतं.

होडी एकच. दूध तीच नेते, गॅसची टाकी तीच आणते, शाळेचा मास्तर तिच्यातूनच येतो. आणि होडी पाण्यात घालायची की नाही हे ठरवतं एकच माणूस. या अधिकाराला ‘होडीचा शब्द’ म्हणतात. गंमत अशी की हा शब्द टेकावर जन्मलेल्या माणसाकडं कधीच नसतो. तो असतो सुनेकडं, बाहेरून आलेल्या बाईकडं. कारण विचारलं तर म्हातारी माणसं सांगतात, इथं जन्मलेल्याला पाण्याची भीतीच नसते, आणि ज्याला भीती नाही त्याला पाण्यात काय चाललंय ते दिसत नाही. वल्ही त्या सुनेच्या घरात राहतात. ती देईल तेव्हाच बाहेर निघतात.

गेली पंचवीसेक वर्षं हा शब्द रंगुबाईकडं होता. ती पाथर्डीकडच्या कोरड्या गावातली. टँकरच्या पाण्याला हंडे लावत वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा एवढं पाणी एका जागी बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. होडीत तिनं डोळे मिटून घेतले ते टेकाला लागल्यावरही उघडेनात, नवऱ्यानं हाताला धरून उतरवली. तिची सासू बनुबाई तेव्हा शब्दाची धनीण होती. तिला सुना तीन. दोघी धीट होत्या, पोहायलाही शिकल्या. म्हातारीनं जाताना वल्ही दिली ती या भित्रीच्या हातात.

रंगुबाईनं ती अशी सांभाळली की लोक कावले. तिच्या एका ‘न्हाई’पायी कुणाचं लग्न हुकलं, कुणाची मुलाखत बुडाली. ‘न्हाई’ म्हटलेल्या दिवशी दूध टेकावरच अडकायचं आणि घरोघरी बासुंदी आटायची. पोरं खूश, मोठी माणसं घासागणिक रंगुबाईला शिव्या देत बासुंदी ओरपायची. पण शब्द कुणी मोडला नाही. आणि तिच्या शब्दावर सुटलेली होडी कधी उलटलीही नाही, म्हणून तर लोकांना वाटायला लागलं की पाणी मुळात गरीबच आहे.

या बाईला आता एकच घोर लागला होता. तिचा एकुलता एक मुलगा गोरक्षनाथ. नवरा आजारपणात गेल्यावर घर यानंच ओढलं होतं. चांगला कष्टाळू, दारू नाही, तंबाखू नाही, चार म्हशी, कांद्याचं रान, आणि तिशी उलटून गेलेली. मुलीचे बाप काठापर्यंत येत, पाण्याकडं बघत, एकमेकांकडं बघत आणि तिथल्या टपरीवर चहा पिऊन माघारी जात. टेकावर असे आणखीही बिनलग्नाचे होते. म्हणजे घोर एकट्या आईचा नव्हता. सून आली नाही तर शब्द द्यायचा कुणाला? रंगुबाईची नजर अधू व्हायला लागली होती. लांबचं पाणी तिला आता धूसर दिसायचं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

दिवाळीनंतर एक स्थळ सांगून आलं. मुलगी सुकन्या, बारावी झालेली, शिवणाचा क्लास चालवणारी. वडील नाहीत. आई कडूबाई गुडघ्यानं बेजार, म्हणून मामा काकासाहेब सगळं बघायचा. तो साखर कारखान्यात नोकरीला होता, आणि कारखान्यातल्या माणसाचा तोरा त्याच्या चालण्यातही होता. मुलगी म्हणाली होती, जिथं राहायचं ते घर मी डोळ्यांनी बघणार, मग बोला. म्हणून ती मामाबरोबर टेकावर येणार होती.

सगळी वस्ती कामाला लागली. एकानं सोफा आणून दिला, दुसऱ्यानं स्टीलची ताटं. रंगुबाईचा चुलतदीर आप्पासाहेब, ज्याच्याशी तिचा बांधावरून वर्षानुवर्षं वाद, त्यानं स्वतः येऊन ओटा सारवला आणि वर ‘हे तुमच्यासाठी न्हाई, पोरासाठी’ असं ऐकवूनही गेला.

सकाळी पाणी आरशासारखं होतं. तरी सुकन्यानं होडीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. टेकावर उतरली आणि बाभळीच्या आड जाऊन ओकली. बायकांनी पदर तोंडाला लावले.

“वयनी, ही दोन दिस टिकायची न्हाई हितं,” आप्पासाहेब हळूच म्हणाला.

 पांढरीफटक पडलेली ती पोरगी बघून रंगुबाईच्या काळजात कुठंतरी आनंदाची कळ आली होती, आणि त्या आनंदाची तिला लाजही वाटली.

पोहे झाले, जेवणं झाली. सुकन्यानं घर बघितलं, मोरी बघितली, मोबाईलला रेंज कुठं येते ते विचारलं. गोरक्षनाथनं उत्तर देताना तीनदा चष्मा पुसला. मामानं पान लावता लावता म्हटलं, “पोरगा बरा हाय. बाकी बघू.” हे ‘बाकी बघू’ म्हणजे जवळजवळ होकारच. आप्पासाहेबानं गोरक्षनाथच्या पाठीत गुद्दा घातला.

आणि वारं सुटलं.

आधी नुसती बाभळ हलली. मग अंगणातला मांडव फडफडायला लागला. रंगुबाई ताटं उचलता उचलता ओट्याच्या कडेला आली. जुन्या नदीचं पात्र जिथून जातं, तिथं मधोमध पाण्यावर पांढरं दिसत होतं. तिथं लाट दोन्हीकडून येते. होडी एका लाटेवर चढते तोवर दुसरी आडवी बसते. तिनं डोळे बारीक करून बघितलं. पांढरं पसरत चाललं होतं.

मामा उठला. “चला, निगू. मला संध्याकाळची पाळी हाय.”

“पावनं, जरा बसा,” रंगुबाई म्हणाली. “वारं पडू द्या.”

“आवो, मोबाईल सांगतोय, पाचला वारं कमी हुनार. तवर काय बसून ऱ्हायचं? माझी पाळी चुकंल.”

“मग पाचलाच जा.”

मामाचा चेहरा बदलला. आजूबाजूला वस्तीतले चार पुरुष उभे होते. पाहुणा नाराज होऊन जाऊ नये म्हणून ते एवढे उतावीळ झाले होते की एरवी ज्यांनी तोंडातून ब्र काढला नसता तेही बोलायला लागले.

“वयनी, ह्ये काय वारं हाय व्हय?” आप्पासाहेब म्हणाला. “आमी पोरं हुतो तवा याच्यात पवायचो. आमी चौघं वल्हं मारतो, पावनं पाय भिजवल्याबिगर काठाला.”

“तुमाला कवा भ्या वाटलंय आप्पा, ते सांगा,” रंगुबाई म्हणाली. “होडी सुटायची न्हाई.”

मामा हसला. कडवट हसणं. “म्हंजी आमच्या पोरीला उद्या माह्यारी यायचं झालं, तर ह्या बाईची परवानगी काढायची का?”

 रंगुबाईला एक गोड उत्तर सुचत होतं. तसं काही नाही हो, आपल्या घरच्या माणसाला कोण अडवतंय, असं काहीतरी. ते दिलं असतं तर काम झालं असतं. पण खोटं बोलून सून आणायची आणि मग तिला काठावर रडत उभी करायची, हे तिच्याच्यानं होईना.

“व्हय,” ती म्हणाली. “वारं आसलं तर काढायची.”

गोरक्षनाथनं आईकडं असं बघितलं की तिला मान खाली घालावी लागली. ती घरात गेली. तोही मागोमाग आला. स्वयंपाकघराच्या भिंतीला वल्ही टेकून उभी होती.

“आई, वल्ही दे.”

“न्हाई बाळा.”

“तुला कळतंय का काय चाललंय? पैल्यांदा कुनीतरी टेकावर पाय ठिवला. पैल्यांदा. तुझ्या ह्या न्हाईपायी उद्या मी म्हातारा हुईन, मग बस वल्ही कवटाळून. तुला सून नकोच हाय. शब्द सुटंल ना हातातला!”

 पोटच्या पोरानं असं बोलावं, आणि त्यातलं निम्मं खरं वाटावं, याहून वाईट ते काय? खरंच का आपण एवढ्या ताठ आहोत? आणि डोळ्यांना दिसतंय तरी नीट का? ते पांढरं खरंच एवढं होतं, की आपली नजरच धूसर? चौघं वल्हवणारे, होडी जाईलही. दहातल्या नऊ वेळा जाते. रंगुबाईचा हात वल्ह्याकडं गेला. ते उचललंसुद्धा.

“मावशी, देऊ नका.”

दारात सुकन्या उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून बोट लाल झालं होतं.

“मला भ्या वाटतंय,” ती म्हणाली. “आमचे बापू फरशी पुलावरनं गाडी घालून गेले. पुलावर पाणी हुतं. दोन्ही बाजूला मानसं उभी हुती. कुनी न्हाई म्हनलं न्हाई. सगळे म्हनले, जातंय, जातंय, घाल गाडी.”

गोरक्षनाथचा पुढं आलेला हात तिथंच राहिला. रंगुबाईनं वल्हं खाली ठेवलं. तिला त्या पोरीला पोटाशी धरावंसं वाटलं, पण ती म्हणाली भलतंच.

“मला सांगून काय उपेग, पोरी? बाहीर जाऊन सांग.”

 वाऱ्याची भीती एक, मामाची दुसरी. बाप गेल्यापासून ज्याच्या आधारावर घर उभं, त्याच्यासमोर चारचौघांत तोंड उघडायचं. ती बाहेर गेली. रंगुबाई दाराआडून ऐकत राहिली.

“मामा, मी आत्ता होडीत बसनार न्हाई.”

“काय?”

“वारं पडल्याबिगर मी बसनार न्हाई. तुमी जायचं तर जा.”

 मामाचा आवाज चढला. अर्ध्या दिवसात पोरीला फिरवली, असल्या आडरानात माझी भाची मी देणार नाही, हे स्थळ आजपासून बंद. सगळं सगळं तो बोलला. आप्पासाहेब हात जोडून मध्ये पडला, त्यालाही दोन शब्द बसले. गोरक्षनाथ मागच्या दारानं म्हशींकडं निघून गेला. सुकन्या ओट्याच्या कडेला गुडघ्यांत डोकं घालून बसली, पण उठली नाही.

पाचच्या सुमाराला वारं पडलं. मोबाईलनं सांगितल्याप्रमाणं अगदी. होडी सुखरूप काठाला लागली. उतरताना मामा म्हणाला म्हणे, “कशापायी एवढा तमाशा?” आणि त्याला उत्तर देता येईल असं काही घडलेलंही नव्हतं. बुडाली असती की नसती, हे आता कुणालाच कधी कळणार नव्हतं. ‘न्हाई’ म्हणणाऱ्याच्या पदरी पुरावा कधी पडत नाही, हे रंगुबाईला ठाऊक होतं. पण त्या रात्री तिला घास गेला नाही. गोरक्षनाथ आठ-दहा दिवस तिच्याशी बोलला नाही. टेकावर न बोलणं परवडत नाही असं मी वर म्हटलं, ते आई-लेकाला लागू नसावं.

मग एक दिवस कडूबाईचा फोन आला. मामा तिचा धाकटा भाऊ, त्याचं ऐकत आलेली बाई. तिनं इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

“भाऊ म्हनतो, माझ्या लेकीला तुमी हट्टानं ठिवून घेतलं. खरं का?”

“खरं,” रंगुबाई म्हणाली.

 कडूबाई म्हणाली, “भावाची समजूत मी घालते. तुमी तारीख बघा.”

लग्न उन्हाळ्यात झालं, पाणी उतरल्यावर. वऱ्हाड चिखल तुडवत आलं. मामाही आला. बूट हातात घेऊन, कपाळाला आठ्या घालून, पण आला.

पुढच्या पावसाळ्यात धरण भरलं तेव्हा रंगुबाईनं वल्ही सुकन्याच्या हातात दिली. नजरेचं कारण तिनं तेव्हाच सांगितलं. वस्तीनं कुरकुर केली, पोरगी नवी आहे, वर्ष-दोन वर्षं जाऊ दे. पण पहिल्याच महिन्यात सुकन्यानं इतक्यांदा ‘न्हाई’ म्हटलं की लोकांना जुनीच बरी वाटायला लागली. दूध आटवून आटवून बायका कंटाळल्या. रंगुबाई ओट्यावर बसून हे सगळं ऐकायची आणि मनातल्या मनात हसायची. सासू म्हणून एवढं सुख कुणाला मिळतं?

फार दिवस हे हसू टिकलं नाही. आश्विनात एका सकाळी पाथर्डीहून भाच्याचा फोन आला. रंगुबाईचा भाऊ बन्सी पहाटे गेला. आई-बाप लवकर गेल्यावर याच भावानं तिला वाढवलं, टँकरच्या गर्दीत तिचा हंडा स्वतःच्या डोक्यावर घेतला, कर्ज काढून लग्न लावून दिलं. भाचा म्हणाला, “आत्या, दुपारपर्यंत थांबतो. तू ये. तू आल्याबिगर उचलत न्हाई.”

रंगुबाईनं पिशवीत एक लुगडं कोंबलं आणि तडक धक्क्यावर आली. मागनं सगळी वस्ती आली. गोरक्षनाथ होडी सोडायला वाकला होता.

सुकन्या पाण्याच्या कडेला उभी होती. वारं सुटलेलं होतं. तिनं मधल्या पात्राकडं बघितलं, सासूकडं बघितलं, परत पाण्याकडं बघितलं. बराच वेळ. तिचे डोळे भरून आले होते.

“आई, न्हाई.”

“सुकन्या!” गोरक्षनाथ ओरडला. “माझ्या मामाची माती हाय ती!”

“न्हाई म्हनले ना मी.”

आप्पासाहेबसुद्धा चिडला. “आगं, मानसानं कायतरी दया ठिवावी. वयनी, तुमी सांगा. तुमचा शब्द काय जुना झालाय व्हय? तुमी म्हना, आमी सोडतो.”

सगळे रंगुबाईकडं बघायला लागले. ती एक शब्द बोलली असती तर होडी सुटली असती, हे तिला माहीत होतं. तिला सुनेचा राग आला होता, असा राग की त्या क्षणी तिला वाटलं, हिला घरात आणलीच कशाला. मधल्या पात्रात किती पांढरं आहे ते बघायचा तिनं प्रयत्न केला. तिला काहीच दिसलं नाही. भावाचं अंगण दिसत होतं, आणि त्यात तिची वाट बघत ताटकळलेली माणसं.

तिनं पिशवी गोरक्षनाथकडं दिली आणि तिथंच दगडावर बसली. “तिनं सांगितलंय,” ती म्हणाली. मग फोन मागून घेतला.

“बाळा, थांबू नका,” ती भाच्याला म्हणाली. “वारं हाय. मला येता येत न्हाई.”

पलीकडून काहीतरी मोठ्यानं बोलणं झालं. अख्खी वस्ती ऐकत होती. सख्ख्या बहिणीला अडवणारा हा कोण, असं तो विचारत असावा. सुकन्या जिथं होती तिथंच उभी होती, ओढणी तोंडावर दाबून.

“कुनी आडवलं न्हाई,” रंगुबाई म्हणाली. “मीच न्हाई म्हनले. उरकून घ्या.”